खंडेनवमीला झोपलेला लॅपटॉप

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी मायवर ओरडले, जळालेल्या विजेच्या डीपीला शिव्या घातल्या आणि एका निर्जीव यंत्राला मेल्या म्हणाले, तर कुणी तोंडाला पदर लावायला नको.

तेव्हा मी केजला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आठवडाभर केज आणि सुट्टीला नांदूरघाट, आमचं गाव. मोबाईल नुकतेच सरपंचाच्या आणि दूधवाल्याच्या खिशात दिसायला लागले होते, तरी स्टँडसमोरचा एसटीडी बूथ अजून तग धरून होता. माझ्याकडे मात्र लॅपटॉप होता. नवा नव्हे. पुण्यात नोकरीला लागलेल्या मैत्रिणीनं स्वतःला नवा घेतला आणि जुना मला दिला. त्यात तिनं लिनक्स टाकून दिलेलं. "फुकट असतं, आणि कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही," असं ती म्हणाली होती. हे वाक्य मला लिनक्सपेक्षा जास्त आवडलं होतं.

त्या लॅपटॉपला एक खोड होती. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. झोपतो म्हणजे बंद होत नाही. जे चाललेलं असतं ते तसंच डोक्यात धरून पडून राहतो, आणि तेवढं धरून ठेवायला थोडी थोडी बॅटरी खातो. झाकण उघडलं की जिथं होतो तिथून पुढं. माझा लॅपटॉप झोपायचा छान, पण उठायचा नाही. झाकण उघडलं की आत पंखा फिरायचा, पडदा मात्र काळा. मग बटण दाबून धरायचं, जबरदस्तीनं बंद करायचा आणि पहिल्यापासून चालू करायचा. तो चालू व्हायचा, पण सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं असायचं. म्हणून मी त्याचं झाकण कधी मिटूच द्यायचे नाही. आणि क्लासच्या भिंतीवर मी माझ्या हातानं लिहिलं होतं, दर पाच मिनिटांनी सेव्ह करा.

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. ते आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे दादा, दोघं मिळून बैलांचा व्यापार करायचे. बैलबाजारातला सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि कापडाखाली बोटं धरून भाव सांगतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू असतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. लहानपणी मी अण्णांबरोबर बाजारात गेलते, तेव्हा त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसले होते. तोंडावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात बैलजोडी विकली गेली होती.

मी शाळेत जायला लागायच्या आधीची गोष्ट. नेकनूरच्या बाजारात दादा एका खोंडाचा सौदा करत होते. घरच्या गाईचा खोंड, अण्णांचा जीव की प्राण. सौदा जिथवर आला होता तो आकडा दादांनी कापडाखालूनच अण्णांचं बोट दाबून सांगितला, भागीदार म्हणून, भाऊ म्हणून. अण्णांना तो कमी वाटला. आणि त्यांनी भर बाजारात तो आकडा मोठ्यानं बोलून दाखवला. एवढ्याला देतो का दादा, याड लागलं का तुला, म्हणाले. लोक हसले, गिऱ्हाईक उपरणं झटकून उठून गेलं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण ज्याच्या कापडाखालचा आकडा बाहेर येतो, त्याच्या हातात पुढं कुणी हात देत नाही. वर्षभरात दादांचा बाजार उठला. ते बायको-लेकरं घेऊन घाटनांदूरला सासुरवाडीला गेले आणि तिथं एका टपरीवर पानं लावायला बसले. नांदूरघाट ते घाटनांदूर तीन एसट्या बदलाव्या लागतात. अठरा वर्षांत त्यातली एकही ना इकडून कुणी धरली, ना तिकडून.

हे सगळं मला मायनं सांगितलं होतं. अण्णांनी कधी अवाक्षर काढलं नाही. अण्णा मुळात बोलतच नाहीत. आमच्याकडं जेवायला वाढताना त्यांना बास का विचारलं, तर ते ताटावर हात धरतात.

त्या वर्षी कुणीतरी निरोप आणला, की दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, लई मोठं अक्षर असलं तरच दिसतं.  खंडेनवमीच्या सकाळी अण्णा आंघोळ करून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुझ्या त्या पेटीत अक्षर मोठं निघतं का?"

"किती मोठं?"

"खुंट्याएवढं."

निघतं, मी म्हणाले. तसे ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि बोलायला लागले. पत्र होतं, दादांना. तासभर बोलत होते. एवढं मी त्यांना जन्मात बोलताना ऐकलं नव्हतं. खोंडाचं बोलले, बाजाराचं बोलले, दादांनी त्यांना लहानपणी खांद्यावर बसवून नदी ओलांडली त्याचं बोलले. मी टाइप करत होते आणि पडदा धूसर दिसत होता, माझ्याच डोळ्यांनी. मध्ये एकदा सेव्ह करावं असं मनात आलं. पण नवी फाइल, ती नाव विचारणार, मग कुठं ठेवू विचारणार, आणि माझा हात थांबला की अण्णा थांबणार. एकदा थांबले की पुन्हा सुरू होणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. मी थांबले नाही.

शेवटी ते म्हणाले, "झालं. एकदा बोललो. परत बोलायला लावू नको पोरी, मला जमायचं न्हाई. उद्या दसरा हाय, सोनं घेऊन जाऊ, त्याच्यासंगं हे देऊ. उद्या न्हाई गेलो तर मी पुन्हा जात नसतो." आणि बाहेर निघून गेले.

मी तोंड धुवायला हौदावर गेले. पाच मिनिटं, फार तर सात. परत आले तर टेबलावर लॅपटॉप नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याचं हत्यार. मायनं देवघरासमोर पाट मांडला होता. त्यावर विळा, कुऱ्हाड, अण्णांचा कासरा, त्यांचं बाजाराचं उपरणं. लेकीचं हत्यार राहिलं म्हणून तिनं लॅपटॉप उचलला, झाकण नीट मिटलं, वर हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं एक टपोरं फूल ठेवलं. फुलाच्या बाजूला झोपेचा नारिंगी दिवा मंद लुकलुकत होता.

मी ओरडले. सणाचं ओरडायचं नसतं, तरी ओरडले. माय शांतपणे वात वळत राहिली. "कावून आरडतीस? झाकून ठिवलंय नीट. आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या सकाळी पूजा हलली की घे."

"माय, त्यात अण्णांचं पत्र हाय."

"मंग जातंय कुठं? पत्रालाबी कुकू लागलं."

मी अण्णांकडं बघितलं. ते उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "माझं उपरणंबी तिथंच हाय. ऱ्हाऊ दे आजच्या दिवस." त्यांना काय सांगणार होते मी? तुम्ही जे अठरा वर्षांनी बोललात ते मी जपून ठेवलं नाही, असं?  वर चार दिवसांपासून गावची डीपी जळालेली होती, लाइनमन दसरा झाल्याशिवाय फिरकणार नव्हता; तिला शिव्या घातल्या त्या तेव्हा. बॅटरी मी केजहून भरून आणलेली, जागेपणी दोन तास चालणारी, त्यातला एक तास पत्रात गेलेला. झोपेत दिवसरात्र काढेल अशी आशा. येता-जाता मी त्या नारिंगी दिव्याकडं बघत होते. आजारी माणसाच्या खोलीत डोकावल्यासारखं झालं होतं मला.

दसऱ्याला सकाळी मायनं पूजा हलवली. मी अक्षता झटकल्या आणि झाकण उघडलं. नारिंगी दिवा हिरवा झाला. आत काहीतरी गिरकी घेऊन फिरायला लागलं. पंख्याचा आवाज आला. पडदा काळाच.

मी मेल्या म्हणाले ते तेव्हा. आणखीही बरंच म्हणाले. अण्णा आले आणि विचारलं, "मेला का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. सेव्ह केलं नाही हेही सांगितलं. "जागा हाय अण्णा, पण काही दिसू देत न्हाई. बंद करून चालू केला की येईल, पण तुमचं पत्र जाईल. असाच ठेवला तर अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी संपंल, तरी जाईल."

मला वाटलं, रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खाली बसून लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा, आणि तसाच ठेवून राहिले.

"गरम हाय," म्हणाले. मग, "दिसत न्हाई म्हणतीस. कापडाखाली तरी काय दिसतंय? तू बोट दाब. बघ, तो उलटं दाबतो का."

मी कॉम्प्युटर शिकवणारी बाई. वर्षाला दोन बॅचा काढत होते. आणि हे मला बैलाच्या व्यापाऱ्यानं सांगावं लागलं. पडद्याशिवाय हे यंत्र मला उत्तर कुठून देऊ शकेल? मी कीबोर्डकडं बघितलं आणि मोठ्या अक्षरांचं कॅप्स लॉकचं बटण दाबलं. त्याच्यावरचा बारका हिरवा दिवा लागला.

तो दिवा बटण आपोआप लावत नाही. आतलं यंत्र जागं असेल, त्याला दाबलेलं कळलं असेल, तर ते लावतं.  रात्रभर झेंडूखाली पडून राहिलेलं ते, अण्णांचा एक तास जसाच्या तसा डोक्यात धरून, आत्ता माझं बोट ओळखत होतं.

"उलटं दाबलं," मी म्हणाले. अण्णा नुसते हं म्हणाले.

मी बूथवर पळाले. मैत्रीण नशिबानं घरीच होती, पुरण वाटत होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तो जागा आहे गं, नुसता पडदा उठवायला विसरलाय. आता तुला काही न दिसता टाइप करावं लागेल." आधी अमुक तीन बटणं एकदम दाबून लॅपटॉपच्या मागच्या काळ्या खोलीत, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर जायचं. तिथं मालक म्हणून नाव सांगायचं, मग पासवर्ड. मग पडदा नव्यानं उठवायची आज्ञा. मी पेन मागून ते सगळं डाव्या तळहातावर लिहून घेतलं.

"पण तो ऐकतोय हे मला कळणार कसं? चुकीचं काही टाइप झालं तर?"

ती म्हणाली, "त्याला सीडीचा कप्पा आहे ना? आधी त्याला तो कप्पा बाहेर काढायला सांग. कप्पा आला की समज, आत शिरलीस."

पळत घरी आले. अण्णा होते तसेच बसले होते, हात तसाच पाठीवर. कुणी राखण करायला सांगितलं नव्हतं.

मी तीन बटणं दाबली. नाव टाइप केलं. पासवर्ड टाइप केला. पासवर्ड टाइप करताना तसाही पडद्यावर काही दिसत नसतो, त्यामुळं तेवढ्यापुरतं मला सवयीचं वाटलं. तळहातावर बघून कप्प्याची आज्ञा दिली. काही झालं नाही. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा आज्ञा. काही नाही. हातावरची शाई घामानं फुटायला लागली होती. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि मी अण्णांना म्हणाले, "ऐकत न्हाई तो. मला जमत न्हाई."

अण्णा कीबोर्डकडं बघत होते. "तो मघाचा दिवा," म्हणाले, "तो चालूच हाय. ऱ्हाऊ द्यायचा असतो का?"

कॅप्स लॉक. मीच लावलेला, तपासायला. तेव्हापासून मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर कॅपिटलमध्ये जात होतं, आणि पासवर्ड प्रत्येक वेळी चुकत होता. आमच्या क्लासला एखाद्या पोरीनं ही चूक केली की मी तिला अर्धा तास बोलायचे.

दिवा घालवला. तीन बटणं. नाव. पासवर्ड, सावकाश, एकेक अक्षर ओठांत म्हणत. अण्णांनी ते ओठ वाचले असावेत, कारण त्यांनी चटकन माझ्याकडं बघितलं. माझा पासवर्ड म्हणजे त्या खोंडाचं नाव होतं. का ठेवला होता कोण जाणे, मायच्या गोष्टीतून डोक्यात राहिलेला. मी मान खाली घातली आणि कप्प्याची आज्ञा दिली.

खट्ट झालं. लॅपटॉपच्या कुशीतून सीडीचा कप्पा सरकत बाहेर आला आणि अण्णांच्या गुडघ्याला टेकला.

अण्णा दचकले नाहीत. एवढा वेळ पाठीवर ठेवलेला हात त्यांनी उचलला आणि हळूच त्या कप्प्याखाली धरला. "हात दिला की गं यानं," म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. माय स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं आली आणि दारातच थांबली. आम्ही तिघंही त्या बाहेर आलेल्या रिकाम्या कप्प्याकडं बघत होतो. मी कितीतरी लॅपटॉप बघितले त्यानंतर, महागातले महाग. असं पुन्हा कशाकडं बघितलं नाही.

मग पडद्याची आज्ञा दिली. पडदा एकदा चमकला, विझला, आडव्या रेघा आल्या, आणि उजेड पडला. बटणं दाबून काळ्या खोलीतून पुढच्या खोलीत परत आले तर समोर पत्र. खुंट्याएवढी अक्षरं. शेवटच्या शब्दाच्या पुढं ती बारीक उभी रेघ लुकलुकत उभी होती, मी हौदावर गेले तेव्हा होती तिथंच. मी सेव्ह केलं. पुन्हा सेव्ह केलं. पेन ड्राइव्हवर घेतलं. मग रडले, आणि मायनं पिठाच्या हातानंच माझं डोकं धरलं.

क्लासची किल्ली माझ्याकडंच होती. केजला उतरून प्रिंट काढली, अकरा पानं निघाली. अंबाजोगाईला गाडी बदलली. दिवस मावळायच्या आत आम्ही घाटनांदूरला दादांच्या दारात होतो, अण्णांच्या हातात आपट्याची पानं, माझ्या हातात पत्र आणि काखेत लॅपटॉपची पिशवी.

अंगण भरलेलं होतं. सोनं द्यायला आलेली गल्लीतली माणसं, बायका, लेकरं. दादा बाजेवर बसले होते. त्यांच्या पोरानं कानात सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली, पण अण्णांकडं नाही, अण्णांच्या थोडी बाजूला. अण्णांनी पाया पडून पानं हातात दिली. मग मी पत्र दिलं. दादांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"कागद हाय का ह्यो?" म्हणाले. "मला दिसत न्हाई आता. दोन महिने झाले, कायच दिसत न्हाई."

मला गप्प बसवेना. "मी वाचून दाखवते दादा," म्हणाले आणि पहिलं पान उघडलं. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"न्हाई," म्हणाले. "मान्सांत न्हाई."

मला एकदम कळलं मी काय करायला निघाले होते ते. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी केलं होतं तेच.  पत्र मिटून माझ्या हातात, अण्णा उभे, दादा बसलेले, आणि कुणाला पुढं काय करावं कळेना. अण्णा परत बोलू शकणार नव्हते, हे एकट्या मलाच माहीत होतं.

दादांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, चाचपत आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढं केला.

अण्णा बाजेवर बसले आणि त्यांनी कापडाखाली हात घातला. दोघंही समोर बघत होते. दादा म्हणाले, "यंदा पाऊस कसा काय तिकडं?" अण्णा म्हणाले, "हाय बरा." तोंडावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कापड मात्र हलत होतं. बऱ्याच वेळानं ते हलायचं थांबलं, तरी हात आतच राहिले. दादांनी पत्र मागून घेतलं, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि सुनेला म्हणाले, "जेवायला वाढ."

परतीच्या गाडीत मला राहवेना. "अण्णा, कापडाखाली तर नुसते आकडेच सांगता येतात. तुमी सांगितलं काय?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. 

"तवा तोंडानं बोललो तोच आकडा," म्हणाले. "जागच्या जागी ठिवला. दादानं माझं बोट दाबलं. सौदा झाला."

तो आकडा मला माहीत आहे. मायनं सांगितला होता. इथं लिहीत नाही.